निळ्या पडद्याचे वाङ्मय

मराठीत समीक्षा कशाची झालेली नाही, असे कोणी विचारले तर उत्तर देणे अवघड आहे. काव्याची झाली, नाटकाची झाली, समीक्षेचीही समीक्षा झाली, आणि त्या समीक्षेवर परिसंवाद होऊन सगळ्यांना चहाबरोबर बटाटेवडेही मिळाले. लग्नपत्रिका, ट्रकच्या पाठीवरची सुभाषिते, दुकानांवरच्या पाट्या यांच्याकडेसुद्धा रसिकांची नजर कधी ना कधी वळून गेली. एक वाङ्मयप्रकार मात्र आजवर अगदी कोरडा राहिला आहे. कॉम्प्युटर मरताना जे लिहून ठेवतो ते.

एका ओळीचे असो की पडदाभर, हे लेखन वाचकाच्या काळजाला जितके थेट जाऊन भिडते तितके दुसरे कुठलेही भिडत नाही. दिवाळी अंकातली कथा वाचता वाचता माणूस झोपी जातो. निळा पडदा वाचता वाचता झोपी गेलेला माणूस माझ्या पाहण्यात नाही. झोपलेला खडबडून जागा झालेला पाहिला आहे.

उपेक्षेचे कारणही उघड आहे. रसास्वादाला जी तटस्थता लागते ती या वाचकापाशी नसते. प्रबंध निम्म्यावर आलेला असताना ज्याच्यासमोर पडदा निळा होतो, त्याला ‘एकूण शैलीविषयी काय वाटतं आपल्याला?’ असे विचारून पाहा. विचारताना दार उघडे ठेवा. मला ही तटस्थता लाभली ती केवळ नात्याच्या जोरावर. यंत्र माझे नव्हते, माझ्या भाच्याचे होते. वधूला बोहल्यापर्यंत आणून पोचवायचे आणि पुढचे त्यांचे ते बघतील म्हणून मागे उभे राहायचे, ही मामाची परंपरागत भूमिका आहे. समीक्षकाचीही तीच.

हा भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. २०२३ साली त्याने कॉम्प्युटर विकत न घेता घरी जोडायचे ठरवले. आठवी-नववीच्या मुलांना दोन वर्षे गणित शिकवून साठवलेले पैसे होते.

“मामा, तयार मशीन घेणं म्हणजे रेडीमेड शर्ट घेणं. मी माझ्या मापाचा शिवून घेतोय.”

“अरे, पण शिंपी कोण?”

“मीच की!”

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर दोन शनिवार घालवून त्याने प्रोसेसर, मदरबोर्ड, मेमरीच्या दोन पट्ट्या, साठवणीची एसएसडी, पॉवर सप्लाय आणि हे सगळे पोटात घेणारे एक कॅबिनेट अशी जमवाजमव केली. प्रत्येक वस्तूला तीन किंवा पाच वर्षांची हमी. सगळ्या मिळून गुण्यागोविंदाने नांदतील याची हमी मात्र कोणाचीच नाही. एकत्र कुटुंबात वाढलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

ताईचाही यात जीव गुंतला होता. आमच्या अण्णांची जुनी पत्रे आणि फोटो तिने दोन उन्हाळे खपून स्कॅन केले होते आणि ते या नव्या यंत्रात ठेवायचे होते. मूळ पत्रांना वाळवीने आधीच वाचायला घेतले होते.

यंत्र जोडून झाले. बटण दाबल्यावर पंखे फिरले, दिवे लागले. आता पेनड्राइव्हवरून त्यात ऑपरेटिंग सिस्टिम तेवढी घालायची. पडद्यावर टक्के चढू लागले. दहा, वीस, तीस. सदतीसाला पडदा निळा झाला आणि या समीक्षेचा विषय जन्माला आला.

पहिल्या रात्रीच्या आवृत्तीत मजकूर होता ‘मेमरी मॅनेजमेंट’. दुसऱ्या रात्री ‘आय-आर-क्यू-एल नॉट लेस ऑर ईक्वल’. तिसऱ्या रात्री पडदा निळा झालाच नाही. एक छोटी चौकट आली आणि अमुक फाइल खराब आहे किंवा सापडत नाही, चूक क्रमांक शून्य-एक्स-आठ-शून्य-शून्य-सात-शून्य-पाच-सात-शून्य, असे सांगून गेली. चौथ्या रात्री पुन्हा निळाई आणि ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’.

आधी शैली पाहू. ही नावे मूळ पडद्यावर सगळी मोठ्या अक्षरांत, शब्दाशब्दांमध्ये तळाला एकेक आडवी रेघ ओढून, सलग एका माळेत येतात. म्हणजे हे समास आहेत. बाणभट्टाच्या समासांनी शाळेत ज्यांचा घाम काढला त्यांना इथे घरच्यासारखे वाटेल. फरक एवढाच, की बाणभट्टाचा समास सोडवला की शेवटी एखादी सुंदर स्त्री किंवा निदान एखादे सरोवर तरी हाती लागते. ‘कमी किंवा समान नाही’ हा समास सोडवून काय लागते? कमी नाही आणि समानही नाही, म्हणजे जास्त आहे. मग सरळ ‘जास्त आहे’ म्हणायला काय हरकत होती? पण काय जास्त आहे, हे लेखक सांगत नाही. आत घडलेले असते ते असे: साहेबांची तातडीची बैठक चालू असताना कोणाला दप्तरखान्यात जाऊन कागद उपसायची परवानगी नसते, आणि नेमका तेव्हाच कोणीतरी भलत्या कपाटाला हात घालतो. यंत्रातल्या कामांना अशा तातडीच्या पायऱ्या असतात, आणि वरच्या पायरीवर उभे असताना मेमरीतल्या नको त्या जागी हात गेला की हे वाक्य उमटते. अनुभव अस्सल आहे, पण अभिव्यक्तीत तो पार गुदमरून गेला आहे.

लेखक कोण, हा पुढचा प्रश्न. या प्रकारातले बहुतेक लेखन निनावी असले तरी काही कर्ते इतिहासाला ठाऊक आहेत. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये तीन बटणे एकदम दाबल्यावर एक निळा पडदा येत असे. त्याचा मजकूर स्टीव्ह बामर यांनी लिहिला, असे त्याच कंपनीतले जुने प्रोग्रॅमर रेमंड चेन यांनी २०१४ साली सांगितले. बामर हे वरचे अधिकारी. मजकूर त्यांना पसंत पडेना, तेव्हा हाताखालचे लोक म्हणाले, मग तुम्हीच लिहा. आपल्याकडे असे ऐकवणाऱ्याची बदली चंद्रपूरला होते. बामर यांनी खरोखर लिहून दिले, आणि तेच जवळजवळ जसेच्या तसे छापले गेले. पुढे २००० साली ते कंपनीचे मुख्याधिकारी झाले. लेखनातून इतकी बढती मिळाल्याचे दुसरे उदाहरण निदान मराठीत तरी मला आठवत नाही.

१९९३ च्या विंडोज एनटीचा पडदा, म्हणजे ज्याला आपण खरोखरीचा मरणाचा पडदा म्हणतो तो, जॉन व्हर्ट यांचा. निळ्या रंगाच्या प्रतीकात्मतेवर कोणी टिपण काढत असेल तर त्याला सावध करणे माझे कर्तव्य आहे. व्हर्ट ज्या यंत्रावर आणि ज्या संपादन-प्रोग्रॅममध्ये काम करीत, त्या दोन्हींत निळ्यावर पांढरी अक्षरे होती, म्हणून इथेही तीच आली. आकाश, अनंतता, कृष्ण यांपैकी कोणाचाही संबंध नाही.

इतर घराण्यांचाही धावता उल्लेख करायला हवा. १९८४ च्या मॅकिंटॉशवर वात पेटलेल्या बॉम्बचे चित्र येई. ते सुझन केअर यांनी काढलेले. चित्र देखणे, पण विमानात कॉम्प्युटर उघडून बसलेल्या उतारूच्या मांडीवर ते काय अनर्थ करील याचा विचार झालेला दिसत नाही. १९८५ साली आलेल्या अमिगाच्या काळ्या पडद्यावर लाल चौकट उघडझाप करी आणि आत लिहिलेले असे ‘गुरू मेडिटेशन’. म्हणजे गुरू ध्यानस्थ बसले आहेत, उठवू नका. आमच्या संस्कृतीचा इतका अचूक वापर आम्हीही क्वचितच करतो. युनिक्स परंपरेतली मंडळी सरळ ‘पॅनिक’ म्हणून मोकळी होतात. तारेची भाषा ती, शब्द मोजूनच वापरायचे.

२०१२ साली विंडोज ८ ने मात्र या वाङ्मयात भावविवशता आणली. पडद्यावर दोन टिंबे आणि एक कंस घालून रडका चेहरा काढला आणि शेजारी लिहिले, की तुमच्या कॉम्प्युटरला अडचण आली आहे, तो पुन्हा सुरू करावा लागेल. ‘अडचण आली आहे’ हे वाक्य आपल्याकडे हातउसने पैसे परत न करणारा माणूस वापरतो. २०१६ साली त्यात ठिपक्यांचा तो चौकोन आला. मोबाइलने टिपला की एका पानावर जायचे, आणि तिथे सर्वसाधारण उपदेश ऐकायचा. शेवटी २०२५ साली विंडोज ११ मध्ये चेहरा गेला, चौकोन गेला आणि निळा रंगही जाऊन काळा आला. एक पर्व संपले. शोकसभा कोणीही घेतली नाही.

आता मुद्द्याचे. या वाङ्मयाचा खरा दोष शैलीत नाही. दोष असा, की ते वाचकाला साक्षीदार दाखवते आणि वाचक त्यालाच आरोपी समजतो. पडद्यावरचे नाव अपराध कुठे उघडकीस आला ते सांगते, कुठे घडला ते सांगेलच असे नाही. सकाळी दूध घेऊन आलेल्या माणसाने कुलूप तुटलेले पाहून ओरड केली, तर पंचनाम्यात पहिले नाव त्याचेच येते. तसेच हे.

भाच्याच्या घरी नेमके हेच चालले होते. फाइल खराब आहे असे चौकट म्हणाली, म्हणून पेनड्राइव्ह तीनदा नव्याने भरून झाला. मित्र जमले. चौघांची पाच मते. एकाने एसएसडीवर संशय घेतला, दुसऱ्याने पॉवर सप्लायवर. तिसऱ्याने प्रोसेसरवरचा पंखा उतरवून त्याच्या तळाचा प्लास्टिकचा पापुद्रा काढायचा राहिला नाही ना ते बघितले. नव्हता राहिला. चौथा नुसता वडे खात होता, पण संशय त्याचाही होता. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, “सॉफ्टवेअरचं काहीतरी असेल साहेब, परत टाकून बघा.” त्याच्याकडून सगळे हार्डवेअर घेतलेले असल्यामुळे त्याचा हा निष्कर्ष मला तर्कशुद्ध वाटला.

पाचव्या दिवशी ताई हळूच म्हणाली, “विकून टाकूया का रे हे? शिकवण्यांचे पैसे होते त्याचे. रात्री जेवत नाही धड.”

या ठिकाणी समीक्षेचा थोडा उपयोग झाला. जुन्या पोथ्यांच्या संशोधनात पाठभेद पाहण्याची एक पद्धत असते. सगळ्या प्रतींत चूक त्याच जागी असेल तर ती मूळ प्रतीतली. दर प्रतीत वेगळी असेल तर नक्कल करणाऱ्याकडे बघायचे. भाच्याने चारही रात्रींच्या पडद्यांचे फोटो मोबाइलवर ठेवले होते, ते एकापुढे एक मांडले. दर रात्री कारण वेगळे. कधी सदतीस टक्क्यांवर, कधी बासष्टावर. आमच्या कचेरीत एक गृहस्थ होते. सोमवारी आत्या आजारी, मंगळवारी लोकल बंद, बुधवारी नळ फुटला. तिसऱ्या दिवशी आत्या, रेल्वे आणि नगरपालिका यांची चौकशी कोणी करीत नसे. गृहस्थांचीच करीत. तेच इथे. यंत्र दरवेळी त्याच जागी त्याच वाक्याने कोसळत असेल तर एखादा प्रोग्रॅम किंवा पेनड्राइव्हवरची प्रत बिघडली असण्याचा संभव जास्त. दरवेळी वेगळ्या जागी वेगळी कहाणी ऐकू येत असेल तर पायाखालची जमीनच हलते आहे असे समजावे. मेमरी, वीज किंवा उष्णता.

आता मेमरी. प्रणाली पेनड्राइव्हवर होल्डॉलसारखी आवळून बांधलेली असते. बसवताना ती मेमरीत उलगडतात आणि मग एसएसडीवर मांडतात. दोन पट्ट्या मिळून १६ जीबी, म्हणजे १३,७४३ कोटींहून अधिक घरे, आणि प्रत्येक घरात शून्य किंवा एक. फोटो बघताना त्यातले एखादे घर बिघडले तर एखादा ठिपका इकडचा तिकडे होईल, तुम्हाला कळणारही नाही. आवळून बांधलेल्या गाठोड्यात मात्र एका घराने शून्याचा एक केला की पुढचा सगळा उलगडा चुकतो. हिशेब जुळेनासा झाला की फाइल खराब आहे असा शेरा पडतो आणि निरपराध पेनड्राइव्हला शिक्षा होते.

भाच्याने आधी मेमरीचा वाढीव वेग बंद करून तो साध्या चालीवर आणला. तरी पडदा निळा. मग मेमटेस्ट नावाचा तपासणीचा प्रोग्रॅम रात्रभर लावला. क्रिस ब्रॅडी यांनी १९९४ साली लिहिलेल्या मूळ प्रोग्रॅमचे हे घराणे. मेमरीत ठरावीक आकडे लिहायचे, परत वाचायचे आणि जुळतात का पाहायचे, एवढेच तो करतो. पहाटे पडद्यावर लाल ओळी होत्या. बारा. प्रत्येक ओळीत घराचा पत्ता, काय अपेक्षित होते आणि काय मिळाले. रडका चेहरा नाही, ध्यानस्थ गुरू नाहीत, क्षमायाचना नाही. मी जाहीरपणे सांगतो, या संपूर्ण वाङ्मयप्रकारातली ही सर्वश्रेष्ठ कृती आहे.

त्यानंतर एकेक पट्टी वेगळी लावून पाहिली. पहिलीने रात्र निर्मळ काढली. दुसरीने लाल ओळी दिल्या. दुसरीच दुसऱ्या खाचेत बसवली, तरी लाल ओळी तिच्याबरोबर गेल्या. म्हणजे खाच निर्दोष, पट्टीच सदोष. दुकानदाराला चार निळे फोटो दाखवले तेव्हा त्याने मान हलवली होती. लाल ओळींचा फोटो दाखवल्यावर त्याने एक शब्द न बोलता पट्टी हमीत बदलून दिली. लेखनाची याहून कडक परीक्षा कुठला परिसंवाद घेणार?

जुन्यांचे कौतुक करण्याची मला खोड नाही, पण एक नोंदवले पाहिजे. १९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये मेमरीच्या दर आठ घरांमागे पहारेकरी म्हणून एक नववे घर असे. कुठे एक घर बिघडले की तो ओरडे आणि पडद्यावर दोन शब्द आणि एक आकडा येई. ‘पॅरिटी चेक १’ म्हणजे बिघाड मुख्य पाटीवरच्या मेमरीत. ‘पॅरिटी चेक २’ म्हणजे मागाहून जोडलेल्या पाटीवरच्या. कुठे बघायचे ते कळत होते. पुढे काटकसरीत घरगुती यंत्रांतला पहारेकरी कमी झाला. बँकांच्या आणि मोठ्या कचेऱ्यांच्या यंत्रांत तो आजही आहे, आणि चूक नुसती पकडत नाही, दुरुस्तही करतो. तुमच्याआमच्या घरी मात्र पट्टी विसरते आणि आपण विसरलो हेही विसरते.

म्हणून मी निळ्या पडद्याच्या मजकुरावर कितीही टीका केली, तरी तो पडण्याच्या कृतीला नमस्कार करतो. कुठे काहीतरी खोटे लिहिले जात आहे असे दिसले की हातचे काम टाकून जागच्या जागी थांबायचे, हा त्या थांबण्याचा हेतू असतो. समजा, त्या चार रात्रींपैकी एखाद्या रात्री नशिबाने प्रणाली बसली असती. मग ताईने अण्णांची पत्रे त्यात ठेवली असती, आणि महिन्या-दोन महिन्यांत एखाद्या पत्रातली ओळ, एखाद्या फोटोतला चेहरा न सांगता बिघडत गेला असता. वाळवीचा निदान भुसा तरी दिसतो.

साक्षीदार आणि आरोपी यांची गल्लत किती महाग पडते याची मोठी आवृत्ती १९ जुलै २०२४ ला निघाली. क्राउडस्ट्राइक या संरक्षक प्रोग्रॅमच्या कंपनीने पाठवलेल्या एका सदोष फाइलमुळे जगभरची सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे निळी झाली. आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले. त्या दिवशीचा समास होता ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’. भाच्याच्या चौथ्या रात्रीचाच, अक्षर न् अक्षर तोच. तिथे कारण एक फाइल, इथे कारण एक पट्टी. त्या दिवशी कोणी मेमरी बदलायला धावला असता तर पट्ट्या संपल्या असत्या आणि पडदा निळाच राहिला असता. तिथला उपाय वेगळा होता. यंत्र सुरक्षित अवस्थेत उघडायचे आणि ती एक फाइल हाताने पुसायची. काउंटरवरच्या मुलीला पडद्याने यातले काय सांगितले? अडचण आली आहे.

टीकाकाराने नुसते नाक मुरडू नये, काय हवे तेही सांगावे, असे म्हणतात. मला तीनच वाक्ये हवीत, आणि शक्य तर आपल्या भाषेत. ‘मी इथे अडखळलो, दोष इथलाच असेल असे नाही. तुमच्या साठवलेल्या फाइलींना मी अजून हात लावलेला नाही. हे पुन्हा झाले आणि कारण वेगळे दिसले, तर आधी मेमरीची एक पट्टी काढून बघा.’ आमच्या लहानपणीचे डॉक्टर असेच बोलत. काय कळत नाही ते सांगत, घाबरण्यासारखे काय नाही ते सांगत आणि उद्या सकाळी काय करायचे ते सांगत. रडका चेहरा करून दाखवणारा डॉक्टर आमच्या गल्लीत टिकला नसता.

नवी पट्टी बसली, प्रणाली अठरा मिनिटांत बसली आणि ताईने पत्रे आत ठेवली, एक प्रत वेगळ्या डिस्कवरही. भाच्याने कॅबिनेटच्या झाकणाला आतल्या बाजूने एक कागद चिकटवला आहे. त्यावर त्याच्या बारीक अक्षरात लिहिले आहे: ‘दुसरी पट्टी खराब निघाली. लाल ओळी १२. खाच ठीक. पट्टी बदलली. बदलल्यावर रात्रभर तपासली, एकही लाल ओळ नाही.’ खाली तारीख आहे. पुढे कधी हे झाकण दुसऱ्या कोणी उघडलेच, तर त्याला सुरुवात कुठून करायची ते कळेल.